व्हिडिओड्रोम (चित्रपट)

'व्हिडिओड्रोम' हा १९८३ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील कॅनेडियन भयपट आहे. त्याचे लेखन व दिग्दर्शन डेव्हिड क्रोनेनबर्ग यांनी केले असून जेम्स वुड्स, सोन्या स्मिट्स आणि डेबोरा हॅरी यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. टोरोंटो शहरातील एका लहान दूरचित्रवाणी वाहिनीचा चालक छळाची दृश्ये दाखवणाऱ्या एका अज्ञात कार्यक्रमाच्या शोधात निघतो आणि त्या कार्यक्रमातून येणाऱ्या संकेतामुळे त्याचे मन व शरीर दोन्ही बदलू लागते, हे चित्रपटाचे कथासूत्र आहे. प्रदर्शनाच्या वेळी हा चित्रपट तिकीटबारीवर अपयशी ठरला. पुढे व्हिडिओ कॅसेटींच्या द्वारे त्याला स्वतःचा निष्ठावान प्रेक्षकवर्ग लाभला आणि आज तो 'कल्ट' चित्रपटांमध्ये गणला जातो.

हा चित्रपट 'बॉडी हॉरर' या प्रकारात मोडतो. मराठीत त्याला देहभयपट म्हणता येईल. भुताखेतांच्या कथेत संकट बाहेरून येते आणि दार लावून ते थोपवण्याची निदान आशा तरी असते. देहभयपटात संकट स्वतःच्या कातडीखाली असते. शरीर अनोळखी होते, त्याला नको ते अवयव फुटतात, आणि पळून जायचे म्हटले तरी ते शरीर घेऊनच पळावे लागते. क्रोनेनबर्ग हे या प्रकारातील अग्रगण्य दिग्दर्शक मानले जातात.

कथानक

मॅक्स रेन (जेम्स वुड्स) हा 'सिव्हिक टीव्ही' या टोरोंटोतील वाहिनीचा प्रमुख आहे. मोठ्या वाहिन्यांपुढे टिकून राहण्यासाठी तो उत्तान व हिंसक कार्यक्रम दाखवतो आणि नवे, अधिक भडक असे काहीतरी सतत शोधत असतो. वाहिनीचा तंत्रज्ञ हार्लन हा उपग्रह तबकडीच्या साहाय्याने परक्या वाहिन्यांचे प्रक्षेपण चोरून पकडतो. एके दिवशी त्याला 'व्हिडिओड्रोम' नावाच्या कार्यक्रमाचा काही सेकंदांचा तुकडा मिळतो. त्यात ना कथा आहे, ना पात्रे. एका खोलीत माणसांचा छळ चालला आहे, इतकेच दिसते. प्रक्षेपण मलेशियातून होत असावे असा समज आरंभी होतो, नंतर ते अमेरिकेतील पिट्सबर्ग येथून होत असल्याचे सांगितले जाते. आपल्या प्रेक्षकांना हाच कार्यक्रम हवा, असे मॅक्स ठरवतो.

दरम्यान एका चर्चेच्या कार्यक्रमात त्याची निकी ब्रँड (डेबोरा हॅरी) या नभोवाणी निवेदिकेशी ओळख होते. त्याच चर्चेत प्राध्यापक ब्रायन ओब्लिव्हियन हे माध्यमतज्ज्ञ सहभागी झालेले असतात, परंतु ते स्टुडिओत येत नाहीत. एका दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावरूनच ते बोलतात. निकी 'व्हिडिओड्रोम'ची ध्वनिचित्रफीत पाहून भारावते, त्यात भाग घेण्यासाठी पिट्सबर्गला जाते आणि परत येत नाही. जे दिसते तो अभिनय नसून खरे खून आहेत आणि या कार्यक्रमामागे एक विचारप्रणाली असल्याने तो अधिकच धोकादायक आहे, असा इशारा माशा ही चित्रफितींचा व्यवसाय करणारी वृद्ध स्त्री मॅक्सला देते.

माशाकडून मिळालेल्या धाग्यावरून मॅक्स ओब्लिव्हियन यांच्या 'कॅथोड रे मिशन' या संस्थेत पोहोचतो. बेघर माणसांना अन्नछत्रात जेवण मिळावे तसे येथे त्यांना दूरचित्रवाणी पाहण्यास मिळते. संस्था चालवणारी प्राध्यापकांची कन्या बियांका (सोन्या स्मिट्स) हिच्याकडून त्याला कळते की वडील कित्येक महिन्यांपूर्वीच वारले असून त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या हजारो फितींच्या आधारे ती त्यांना जगापुढे 'जिवंत' ठेवीत आहे. 'व्हिडिओड्रोम'च्या चित्रांखाली दडलेल्या संकेतामुळे पाहणाऱ्याच्या मेंदूत गाठ निर्माण होते आणि त्या गाठीतून भास उत्पन्न होतात. ओब्लिव्हियन यांना ही गाठ रोग न वाटता मानवी मेंदूचा एक नवा अवयव वाटत होता. त्याच गाठीने त्यांचा अंत झाला.

मॅक्सला भास सुरू झालेलेच असतात. त्याच्या घरातील दूरचित्रवाणी संच श्वास घेऊ लागतो, पडदा फुगून त्याच्याकडे झुकतो. त्याच्या पोटावर एक उभी फट पडते आणि तीत तो हातातले पिस्तूल हरवून बसतो. 'स्पेक्टॅक्युलर ऑप्टिकल' या कंपनीचा बॅरी कॉन्व्हेक्स त्याला बोलावून घेतो. वरवर चष्मे विकणारी ही कंपनी लष्करासाठी शस्त्रसामग्रीही बनवते, आणि 'व्हिडिओड्रोम' हे तिचेच अपत्य असते. हार्लन हा तिचा माणूस निघतो. त्याने कोणतेही प्रक्षेपण पकडलेले नव्हते, तो मॅक्सला केवळ फिती दाखवत होता. असली दृश्ये चवीने पाहणारा समाज दुबळा झाला आहे, म्हणून त्या प्रेक्षकांना त्यांच्याच आवडीतून संपवावे, असा या दोघांचा बेत असतो.

कॉन्व्हेक्स मॅक्सच्या पोटातील फटीत एक कॅसेट सरकवतो आणि यंत्रात फीत घालावी तशी त्याला आज्ञा देतो. मॅक्स आपल्याच वाहिनीतील भागीदारांना ठार करतो. बियांकाला मारण्यासाठी गेला असता ती त्याच्यावर उलटा प्रयोग करून त्याला 'व्हिडिओड्रोम'विरुद्ध वळवते. पुढे हार्लन व कॉन्व्हेक्स यांचा अंत होतो. शेवटच्या प्रसंगात बंदरातील एका मोडक्या नौकेत मॅक्सपुढे दूरचित्रवाणी संच उभा राहतो. पडद्यावरील निकी त्याला जुना देह टाकून नव्या देहात येण्यास सांगते. संचावर त्याला स्वतःचाच मृत्यू दिसतो आणि तो पाहिल्याप्रमाणे कृती करतो. तेथे चित्रपट संपतो.

पार्श्वभूमी

क्रोनेनबर्ग यांचा जन्म १९४३ मध्ये टोरोंटोत झाला. कॅनडातील केंद्रांचे प्रक्षेपण रात्री बंद झाल्यावर सीमेपलीकडील अमेरिकेच्या बफेलो शहरातून येणारे अस्पष्ट संकेत ते लहानपणी पकडत असत. सर्वांनी पाहण्यासाठी नसलेले एखादे भयंकर दृश्य अचानक पडद्यावर उमटेल की काय, अशी धास्ती त्यांना त्या वेळी वाटे. या चित्रपटाचे बीज त्यांनी स्वतः या आठवणीत असल्याचे सांगितले आहे. १९७० च्या दशकात त्यांनी याच कल्पनेवर 'नेटवर्क ऑफ ब्लड' या नावाने एक कथा बेतली होती. 'स्कॅनर्स' (१९८१) या त्यांच्या चित्रपटाला आर्थिक यश लाभल्यावर नव्या कामासाठी भांडवल उभे राहिले आणि ती जुनी कथा बाहेर निघाली.

चित्रपटातील वाहिनी टोरोंटोतील 'सिटी टीव्ही' या वास्तवातील वाहिनीवर बेतलेली आहे. रात्री उशिरा प्रौढांसाठीचे चित्रपट दाखवण्याबद्दल ती त्या काळी गाजली होती. ब्रायन ओब्लिव्हियन या पात्रामागे माध्यमचिंतक मार्शल मॅक्लुहान (१९११–१९८०) यांची छाया स्पष्ट आहे. मॅक्लुहान टोरोंटो विद्यापीठात अध्यापन करीत असत आणि क्रोनेनबर्ग त्याच विद्यापीठाचे पदवीधर आहेत. माध्यमातून काय सांगितले जाते यापेक्षा माध्यम माणसाच्या संवेदनांत कोणता बदल घडवते हे पाहावे, आणि प्रत्येक माध्यम हे मानवी इंद्रियांचाच विस्तार असते, ही मॅक्लुहान यांची मांडणी होती. क्रोनेनबर्ग यांनी त्यातील 'विस्तार' हा शब्द अक्षरशः घेतला, असे म्हणता येईल. ओब्लिव्हियन या आडनावात विस्मरण या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर श्लेष आहे. कॉन्व्हेक्स म्हणजे बहिर्वक्र, हे नाव चष्म्याच्या व्यापाऱ्याला शोभते.

निर्मिती

चित्रीकरण १९८१ च्या उत्तरार्धात टोरोंटोत झाले. निर्माते क्लॉड एरू होते. खर्च सुमारे ६० लाख डॉलर इतका झाला. छायालेखन मार्क अर्विन, संकलन रोनाल्ड सँडर्स आणि कलादिग्दर्शन कॅरोल स्पीअर यांचे होते. चित्रीकरणास प्रारंभ झाला तेव्हा पटकथा पूर्ण नव्हती. प्रसंग लिहिणे आणि चित्रित करणे ही कामे बरोबरीनेच चालली. उत्तरार्धात जाणवणारा विस्कळीतपणा काही अंशी यातून आला असावा, जरी भ्रमिष्ट नायकाच्या कथेला तो फारसा बाधत नाही.

संगणकीय चित्रनिर्मिती सुलभ होण्यापूर्वीचा हा काळ होता. पडद्यावर जे घडते ते सारे रबर, कृत्रिम त्वचा, हवेच्या नळ्या आणि प्रोजेक्टर यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष घडवावे लागले. विशेष रंगभूषा रिक बेकर यांची होती. 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' (१९८१) या चित्रपटासाठी रंगभूषेचे ऑस्कर त्यांनी मिळवले. दूरचित्रवाणी पडद्यांवरील दृश्यांची जबाबदारी मायकेल लेनिक यांनी सांभाळली. फुगणाऱ्या पडद्यासाठी लवचिक रबराचा ताणलेला पापुद्रा वापरून त्यावर मागच्या बाजूने चित्र प्रक्षेपित केले गेले, त्यामुळे निकीचे ओठ काचेतून बाहेर येत असल्याचा आभास साधला. पोटावरील फटीसाठी वुड्स यांना तासन्‌तास कृत्रिम धड बसवून घ्यावे लागे. चित्रपटात दिसणाऱ्या कॅसेटी बीटामॅक्स पद्धतीच्या आहेत. व्हीएचएस कॅसेट आकाराने मोठी असल्याने त्या फटीत मावत नव्हती, असे कारण दिले जाते. बाजारातील स्पर्धेत पुढे व्हीएचएसनेच बीटामॅक्सला मागे टाकले.

संगीत हॉवर्ड शोअर यांचे आहे. तंतुवाद्यांचा लहान वृंद आणि 'सिंक्लाव्हियर' हे विद्युत्-वाद्य यांचे स्वर त्यांनी असे मिसळले आहेत की कोणता सूर माणसाचा आणि कोणता यंत्राचा, हे कानाला सांगता येत नाही. कथा पुढे सरकते तसा यंत्राचा वाटा वाढत जातो. हेच शोअर पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटमालेच्या संगीतामुळे जगप्रसिद्ध झाले.

आशय

दूरचित्रवाणीवरील हिंसा पाहून प्रेक्षक बिघडतो, असे सांगणारा हा चित्रपट आहे, असा सरसकट समज आढळतो. चित्रपट बारकाईने पाहिल्यास तो टिकत नाही. 'व्हिडिओड्रोम'चा घातक संकेत कोणत्याही चित्राखाली, अगदी चाचणीसाठी दाखवल्या जाणाऱ्या रंगपट्ट्यांखालीही पाठवता येतो, असे बियांका सांगते. छळाच्या दृश्यांचा उपयोग एवढाच की ती पाहताना मेंदू सावध न राहता उघडा पडतो. म्हणजे आक्षेप एखाद्या कार्यक्रमावर नसून पडद्यासमोर बसण्याच्या क्रियेवरच आहे. दुसरे असे की, हे शस्त्र वापरणारी माणसे उच्छृंखल नाहीत. समाजाचे अधःपतन झाले आहे अशी तक्रार करणारी, त्याला शिस्त लावू पाहणारी ती माणसे आहेत. चर्चेच्या कार्यक्रमात जे आरोप मॅक्सवर केले जातात त्यांचाच आधार घेऊन कॉन्व्हेक्स माणसे मारू पाहतो. सेन्सॉर मंडळांशी झगडलेल्या दिग्दर्शकाचा हा उपरोध आहे. त्याच वेळी मॅक्सलाही तो निर्दोष सोडत नाही. लोकांना हवे ते मी देतो, हे त्याचे समर्थन पहिल्या अर्ध्या तासातच पोकळ ठरते.

कथन संपूर्णपणे मॅक्सच्या दृष्टीतून येते. भास कोठे सुरू झाला आणि वास्तव कोठे संपले याची खूण दिग्दर्शक देत नाही. धूसर पडदा, बदललेला रंग, दचकून जागे होणे असे रूढ संकेतही तो टाळतो. त्यामुळे पोटावरील फट खरी की भासमान, निकी खरोखर मेली की नाही, शेवटचा मृत्यू म्हणजे मुक्ती की कुणीतरी दिलेली अखेरची आज्ञा, हे प्रश्न प्रेक्षकाकडेच राहतात. बियांका त्याला 'व्हिडिओड्रोम'पासून सोडवते असे वाटते, परंतु तिची पद्धत कॉन्व्हेक्सच्या पद्धतीहून वेगळी नाही. तीही त्याच्यात दुसरी फीतच घालते. 'नवा देह' ही घोषणा म्हणूनच आशादायक आणि भीतिदायक अशी दोन्ही वाटते.

प्रतिमेने देहाचा ताबा घेणे ही कल्पना मराठी मुलखाला सर्वस्वी परकी नाही. पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा भागात होणाऱ्या बोहाड्यात देवदेवतांचे व राक्षसांचे मुखवटे धारण करून सोंगे नाचवली जातात, आणि मुखवटा चढला की त्यामागच्या माणसाकडे गाव त्या देवतेच्याच भावनेने पाहते. परंतु तेथे सोंगाचा क्रम ठरलेला असतो, सारा गाव साक्षीला असतो, आणि नाच आटोपला की मुखवटा उतरतो. मॅक्स एकटाच पाहतो, अंधारात पाहतो, आणि त्याचा मुखवटा त्याच्या कातडीचा झालेला असतो.

प्रदर्शन आणि प्रतिसाद

'युनिव्हर्सल पिक्चर्स'ने हा चित्रपट ४ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित केला. प्रमाणपत्रासाठी काही दृश्ये कापावी लागली. अमेरिकेतील उत्पन्न सुमारे २१ लाख डॉलर इतकेच झाले, म्हणजे खर्चही भरून निघाला नाही. समीक्षकांमध्ये मतभेद होते. रॉजर एबर्ट यांना तो मुळीच रुचला नाही, तर काहींनी त्यातील कल्पकतेची प्रशंसा केली. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी त्याची तुलना 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'शी केली. कॅनडाच्या जिनी पुरस्कारांत १९८४ साली क्रोनेनबर्ग यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार बॉब क्लार्क यांच्याबरोबर विभागून मिळाला.

घरोघरी व्हिडिओ यंत्रे आल्यावर या चित्रपटाचे भाग्य पालटले. कॅसेटीच्या धोक्याची कथा कॅसेटीवरूनच पसरली, ही गंमत रसिकांच्या नजरेतून सुटलेली नाही. २००४ मध्ये 'क्रायटेरियन कलेक्शन'ने त्याची न कापलेली आवृत्ती डीव्हीडीवर प्रकाशित केली. २००९ मध्ये त्याच्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली, पण ती निघाली नाही. क्रोनेनबर्ग यांनी 'एक्झिस्टेन्झ' (१९९९) मध्ये हाच विषय संगणकीय खेळांच्या संदर्भात पुन्हा हाताळला. तेथे खेळाचे यंत्र थेट पाठीच्या कण्यात जोडले जाते. 'द फ्लाय' (१९८६) हा त्यांचा सर्वांत लोकप्रिय देहभयपट होय.

भारतीय संदर्भ

ज्या काळात हा चित्रपट तयार झाला, त्याच काळात भारतात दूरचित्रवाणी घराघरांत शिरत होती. देशातील पहिले प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाले होते, परंतु मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि रंगीत प्रक्षेपण १९८२ साली आले. त्यानंतरच्या काही वर्षांत व्हिडिओ यंत्रे भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहण्याची प्रथा शहरांत आणि तालुक्याच्या गावीही रूढ झाली. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर 'रामायण' ही मालिका दाखवली जाऊ लागली, तेव्हा अनेक ठिकाणी लोक स्नान करून संचासमोर बसत, त्याला हार घालत, उदबत्ती लावत. ओब्लिव्हियन यांच्या मिशनमध्ये जे विडंबन म्हणून दाखवले आहे, त्याची सात्त्विक बाजू येथे प्रत्यक्षात घडली.

दूरचित्रवाणीच्या घातक प्रभावाची सर्वाधिक चर्चा आपल्याकडे 'शक्तिमान' (१९९७–२००५) या मालिकेच्या निमित्ताने झाली. नायक वाचवायला येईल या विश्वासाने मुले स्वतःला इजा करून घेतात, असे आरोप झाले. निर्माते व नायक मुकेश खन्ना यांनी ते अमान्य केले. मालिकेच्या शेवटी मुलांना उद्देशून समजुतीच्या चार गोष्टी सांगण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला होता.

'व्हिडिओड्रोम'च्या कल्पनेशी जवळीक असलेला भारतीय चित्रपट म्हणून '१३ बी' (२००९) याचा उल्लेख करावा लागेल. विक्रम कुमार यांनी तो हिंदीत व 'यावरुम नलम' या नावाने तमिळमध्ये दिग्दर्शित केला आणि दोन्हींत आर. माधवन हे नायक होते. नव्या सदनिकेत राहायला आलेल्या एकत्र कुटुंबातील स्त्रिया रोज एक मालिका पाहतात, आणि मालिकेतील कुटुंबाच्या बाबतीत जे घडते तेच या घरात घडू लागते. येथे भीतीचे मूळ भूतकाळातील गुन्ह्यात आहे, संच हा केवळ निरोप्या आहे. त्यामुळे तो भूतकथेच्या परंपरेतच राहतो. पडद्यातून संकट बाहेर येण्याची कल्पना 'रिंगू' (१९९८) या जपानी चित्रपटातही आहे, आणि तेथेही कॅसेट हेच संकटाचे वाहन आहे.

मराठी चित्रपटसृष्टीत दूरचित्रवाणी हा देहभयपटाचा विषय झालेला नाही. देहभयाचा समर्थ वापर पाहायचा तर राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाकडे वळावे लागते. कोकणातील तुंबाड गावाचे नाव आणि नारायण धारप यांच्या कथेची प्रेरणा यांमुळे तो मराठी वाचकाला जवळचा आहे. त्यातील शापित म्हातारीचा देह मरत नाही आणि त्यातून झाड उगवते. तेथे देह विरूप होतो तो सोन्याच्या लोभाने. मॅक्सला सोने नको असते. त्याला फक्त अजून थोडे पाहायचे असते.